काचेच्या भावानं गेलेली चित्रं

जुन्या बाजारात चित्राला किंमत नव्हती. किंमत काचेला होती आणि काचेच्या खालोखाल चौकटीला. सोलापुरात मंगळवारी भरणाऱ्या त्या बाजारात गोणपाटावर कंदिलाच्या काचा, मागाचे झिजलेले धोटे, पितळी कुलपं, पाय मोडलेले पाट असला माल मांडलेला असे आणि मागच्या भिंतीला चौकटी टेकवून ठेवलेल्या असत. गिऱ्हाईक यायचं, घरातल्या देवाच्या तसबिरीचं किंवा वारलेल्या बापाच्या फोटोचं माप वितीनं दाखवायचं. विकणारा चौकट उलटी करायचा, पकडीनं चुका उपसायचा, आतला कागद ओढून बाजूला फेकायचा आणि म्हणायचा, "खाली करके देतौं, फिकर नक्को." दिवसभरात अशा कागदांचा ढीग साचे. दिवे लागायच्या आत शेंगा विकणारी बाई तो पुड्यांसाठी उचलून नेई.

त्या ढिगात चित्रं असत. कुणीतरी उन्हात बसून, डोळे बारीक करून, हातानं काढलेली चित्रं. एका पुडीवर मी निळ्या डोंगराचा तुकडा पाहिला आहे आणि त्यावर मिठाचे डाग. हे लिहिताना मला राग येतो आहे. इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही, म्हणूनच लिहायला बसलो.

राग त्या बाईचा नाही. तिला कागद हवा होता, तो तिला मिळाला. चौकटी विकणाऱ्याचाही नाही. राग त्यांचा, ज्यांच्या घरून त्या चौकटी बाजारात येत. चित्राला चौकट करून ती भिंतीला लावणारी घरं गावात थोडी होती आणि ती सगळी शिकलेल्यांची होती. शिक्षणानं माणसाची नजर सुधारते असं मला शाळेत सांगितलं होतं आणि मी ते शब्दश: खरं मानलं होतं.

मानायला कारणही होतं. आमच्या घरात माझ्या आधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. नातेपुत्याच्या बाजूला आमची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. मी मॅट्रिक झालो, पुण्याला जाऊन बी.ए. झालो आणि सोलापुरात एका हायस्कुलात इंग्रजी आणि भूगोल शिकवायला लागलो, ते दोन माणसांमुळे. एक, लहानपणच्या शाळेतले माझे ड्रॉइंगमास्तर. मी काढलेले नकाशे पाहून या पोराला मेंढरांमागं परत नेऊ नका, हे सांगायला ते माझ्या वडिलांकडे चार वेळा पायी आले होते. दुसरे, सोलापूरचे एक वकील. त्यांनी कॉलेजसाठी शिफारसपत्र दिलं, पहिल्या वर्षाची फी भरली आणि स्वत:चा एक काळा कोटही दिला. बाह्या दुमडून मी तो चार वर्षं वापरला. दर दिवाळीला मी वकिलांच्या पाया पडायला जात असे. मी विसरेन की काय, अशी धास्ती माझ्या आईला कायमच असे. "त्येनी हात दिला म्हनून तू हितं हायस. इसरू नगं."

मी विसरलो नव्हतो. अडचण झाली ती त्यामुळेच.

बोलपट नुकते सुरू झाले होते त्या सुमारास मास्तर नोकरीतून निवृत्त होऊन सोलापुरात राहायला आले. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. तेलगू विणकरांच्या वस्तीत त्यांनी एक खोली घेतली. शेजारी दिवसभर माग चालत, त्यामुळे त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागे. मुंबईला राहून चित्रकला शिकलेला हा माणूस तीस वर्षं मुलांना परीक्षेसाठी कुंड्या आणि पितळी तांबे काढायला शिकवत राहिला. स्वत:चं चित्र ते फक्त रविवारी काढत, माळावर जाऊन, पाण्याच्या रंगात.

आता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. कडेचं काही दिसत नसे. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसे, आणि तेही वर्षभरात जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"काय बी.ए.?" ते मला असंच हाक मारत. "माझं एखादं चित्र शोधून आणशील?"

"तुमच्याकडे एकही नाही, मास्तर?"

"ज्यानं मागितलं त्याला देत गेलो. चांगली होती ती आधी गेली. उरलेली गळक्या छपरानं खाल्ली."

"कोणतं हवंय?"

"कोणतंही. मला एवढंच बघायचंय, मी चित्रकार होतो, का नुसता कुंड्यांचा मास्तर होतो. अजून थोडं दिसतंय तोवर माझं मी बघून घेतो. मग लोक सांगतील ते ऐकावं लागेल. आणि आंधळ्याशी लोक फार गोड बोलतात रे."

ज्यांना चित्रं दिली होती त्यांची नावं त्यांना आठवत होती. मी एकेकाकडे गेलो. कुणाची बदली झाली होती, कुणी वारले होते. सगळ्यात जास्त भरवसा मला वकिलांचा होता. मास्तरांचं एक चित्र त्यांच्या जुन्या घरात कारकुनाच्या बैठकीवर लावलेलं होतं. मी शिफारसपत्र घ्यायला गेलो त्या दिवशी त्या चित्राखाली तासभर उभा होतो. पण ते कशाचं चित्र होतं हे मला सांगता येत नव्हतं. मी त्या दिवशी वर पाहिलंच नव्हतं. मी आतल्या दाराकडे बघत होतो.

वकिलांनी आता नवा बंगला बांधला होता. ते हसून म्हणाले, "अरे, सामान हलवताना काय काय गेलं! सूनबाईंनी जुनं ते सगळं काढून टाकलं. मंगळवारच्या बाजारात बघ."

त्यांनी थट्टा केली होती. मी खरंच बाजारात गेलो.

चौकटी विकणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे चाचा म्हणत. मी प्रत्येक चौकट उचलून खालची सही वाचतो आहे हे त्यांनी दोन मंगळवार पाहिलं आणि तिसऱ्या मंगळवारी मला जवळ बसवून घेतलं.

"मास्तर, तुम पढेलिखे लोगां नाम पढते. नाम तो छापखानेवालेका बी रहता. पहले अंगठा फेरो. छापेका चिकना, हाथका खरबरा."

त्यांनी मला भिंग दिलं. छापील चित्रावर भिंग धरलं की रव्यासारखे ठिपके दिसत. हातानं रंगवलेल्या चित्रात ठिपके नसत. तिथं रंग वाळताना कडेला सरकलेला असे, सांडलेला चहा वाळला की डागाची कड गडद होते, तसा. चाचांची शेवटची परीक्षा मात्र बोटाला थुंकी लावून चित्राचा कोपरा चोळायची. रंग बोटाला लागला की चित्र हातचं.

अशा तऱ्हेनं तीन परीक्षा घेऊन मी पहिलं चित्र उचललं. काच फुटलेली होती म्हणून चार आण्यांत मिळालं. नदीचा घाट, दोन होड्या, आणि खाली उजव्या कोपऱ्यात मास्तरांची सही. मी अक्षरश: पळत त्यांच्या खोलीवर गेलो.

मास्तरांनी चित्र दारातल्या उजेडात तिरपं धरलं. नाकाला लागेल इतकं जवळ घेतलं आणि हळूहळू सरकवत गेले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे कुणी काढलं?"

"तुम्ही. सही आहे."

"सही वाचतोस? तुला वाचायला शिकवलं हीच चूक झाली. रंगाच्या खाली बघ. काय दिसतं?"

पेन्सिलीच्या पुसट रेघा होत्या. आडव्या आणि उभ्या.

"चौकोन पाडलेत. माझं चित्र समोर ठेवून चौकोनाला चौकोन उतरवलंय कुठल्यातरी पोरानं. मी काय नदीवर चौकोन आखत बसत होतो?"

"पण सही..."

"मीच वर्गात ओरडायचो ना, समोर दिसतं तसं काढा, स्वत:चं डोकं चालवू नका! गुणी पोरं होती. सहीसुद्धा काढली." ते हसले नाहीत. "आणि या कोपऱ्याला काय झालंय?"

मी थुंकीची परीक्षा सांगितली.

"गाढवा! लोकांनी चित्रं फेकली, तू चाटायला लागलास!"

त्यानंतर त्यांनी मला शिकवलं. हातचं असलं म्हणजे अस्सल होत नाही. नक्कल करणाऱ्याचा हात सावकाश चालतो, त्याला पुढे काय येणार हे माहीत असतं. अस्सल चित्रात हात कुठंतरी धावतो, कुठंतरी चुकतो आणि ती चूक पुढे पोटात घेतो. कागद फळीवर ताणून बसवलेला असला तर चार कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं असतात. "आणि सगळ्यात शेवटचं," ते म्हणाले, "जे काढलंय ते त्यानं बघितलं होतं का, हे स्वत:ला विचार. त्याला भिंग लागत नाही."

पुढचे सात-आठ महिने शाळा सुटली की मी दर मंगळवारी बाजारात जात होतो. शाळेतले सोबती म्हणत, "बी.ए. झाले आणि भंगारात गेले." मी ऐकून घेत असे. त्या महिन्यांत मी काय काय पाहिलं! एका डॉक्टरांच्या घरची चौकट, तिच्यातल्या बाईच्या चित्रावर मुलांनी शाईनं मिशा काढलेल्या. एका अधिकाऱ्याच्या घरचं फुलांचं चित्र, त्याच्या पाठीवर धोब्याच्या कपड्यांचा हिशेब. दोन्ही चित्रं हातची होती. या लोकांना मी रस्त्यात वाकून नमस्कार करत होतो.

मग एका मंगळवारी चाचांनी एका मानपत्राची चौकट पुढे सरकवली. ते आमच्याच वकिलांना एका संस्थेनं दिलेलं होतं. पुढे त्या संस्थेशी वकिलांचं बिनसलं, तेव्हा मानपत्र बाजारात का आलं हे उघड होतं. चाचांनी चुका उपसल्या. मानपत्राच्या मागे पुठ्ठा असायला हवा तिथं एक जाड, जुनाट कागद होता, चारी कोपऱ्यांना खळ लावून चिकटवलेला. कागद पाण्यानं फुगून वाळल्यासारखा लाटालाटांचा झाला होता.

"चाचा, हे फाडू नका," मी म्हणालो.

त्यांनी चहाचं भांडं शेगडीवर चढवलं आणि कोपरे एकेक करून वाफेवर धरले. खळ सुटली. मी कागद उलटा केला.

भर दुपारचा माळ होता आणि डाव्या बाजूला मेंढरं. दुपारच्या उन्हात मेंढरू झाड शोधत नाही. सगळी एकमेकांना खेटून गोल उभी राहतात आणि प्रत्येक मेंढरू शेजारच्याच्या पोटाखाली डोकं घालतं, तेवढीच सावली. लांबून बघणाऱ्याला नुसता दगडांचा ढीग वाटतो. ते मी लहानपणापासून पाहिलं होतं, पण चित्रात कधी पाहिलं नव्हतं. चित्रातली मेंढरं नेहमी हिरव्या गवतावर मान वर करून उभी असतात. इथं एकाही मेंढराचं तोंड दिसत नव्हतं. हा माणूस तिथं बसला होता.

सही नव्हती. चौकोन नव्हते, पेन्सिलीच्या दोन-तीनच रेघा होत्या. टाचण्यांची भोकं डाव्या दोन्ही कोपऱ्यांना होती, उजव्या कोपऱ्यांना नव्हती. तीन कडा पिवळ्या पडल्या होत्या. उजवी कड पांढरी आणि सरळ होती. कुणीतरी चित्र उजवीकडून कापलं होतं.

मास्तरांनी ते दारात बसून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांची नजर एकेक मेंढरावर थांबत पुढे जात होती.

"हे माझं," ते म्हणाले. "मेंढरं बरी उतरलीत." मग ती नजर उजव्या कडेला येऊन अडली. "इथं काय होतं?"

"कापलंय, मास्तर."

"ते कळलं. काय होतं इथं? सगळा भार डावीकडे आहे. उजवीकडे मी झाड ठेवलं होतं का? एका बाजूला वजन आलं की दुसऱ्या बाजूला झाड ठेवायचं, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. इथं झाड असलं तर मी मास्तर. माझी शंका फिटली."

"आणि नसलं तर?"

"मला आठवत नाही रे. शेकड्यांनी काढली." ते चिडले होते, माझ्यावर नव्हे. "ज्याच्या भिंतीवर होतं त्याला विचार. रोज बघत असेल की तो."

मी त्याच संध्याकाळी वकिलांच्या बंगल्यावर गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते.

"या मास्तर! आज दिवाळी नाही, मग कसे वाट चुकलात?"

मी सांगितलं. मानपत्राच्या मागचं चित्र सापडलं, ते कापलेलं आहे, उजव्या बाजूला काय होतं तेवढं हवं आहे.

"ते होय! अरे, चौकट सागवानी होती. मानपत्र आखूड. सुतार म्हणाला, चौकट लहान करतो, आतला कागद पुठ्ठा म्हणून राहू दे. कुठल्या बाजूनं कापू विचारायला लागला. मी म्हटलं, ती मोकळी बाजू काप की. तुझी मेंढरं वाचवली बघ मी!" आणि झोपाळ्याला पायानं एक झोका देऊन ते मोठ्यानं हसले.

"मोकळी म्हणजे? झाड नव्हतं तिकडं?"

"झाड कसलं? कोरं ठणठणीत. वीतभर कागद वाया घालवला होता तुझ्या मास्तरानं. तुझ्या शिफारसपत्राच्या वेळी घेऊन आला होता. लोक भाजी आणतात, तूप आणतात, याने हे आणलं. नको म्हटलं तरी ठेवून गेला."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनीही नाही. मी त्या चित्राखाली तासभर उभा राहिलो होतो आणि ते माझ्यासाठी दिलेलं होतं. पत्र मिळालं, फी मिळाली, कोट मिळाला, आणि त्याबद्दल मी ज्या पायांवर दरवर्षी डोकं ठेवत होतो ते पाय समोर झोपाळ्याला झोका देत होते.

"साहेब," मी म्हणालो, "मग इतकी वर्षं दिवाळीला मी चुकीच्या घरी येत होतो."

झोपाळा थांबला. "म्हणजे?"

"त्यांच्याजवळचं सगळ्यात चांगलं त्यांनी तुम्हाला दिलं. तुम्ही सुताराला कापायला दिलंत."

"कागदाच्या तुकड्यासाठी तू माझ्याशी या भाषेत बोलतोस? तुला बी.ए. केला तो यासाठी?"

उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. पण आतून त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या. मी त्यांना नमस्कार केला, चहा तसाच ठेवला आणि निघालो. न बोललेलं ते उत्तर मी पुढे कितीतरी वर्षं मनात घोळवलं. बोललो नाही याचाही राग मला आहे.

मास्तरांची खोली येईपर्यंत मी रस्ताभर दात आवळून चाललो. आत जाऊन एका दमात सगळं सांगितलं: चौकट, सुतार, वीतभर कागद वाया घालवला म्हणाले ते. मला वाटलं मास्तर पेटतील. मला ते पेटायला हवे होते.

ते म्हणाले, "कोरं? नक्की कोरं म्हणाले?"

"कोरं ठणठणीत."

"झाड नाही?"

"नाही."

"तुझ्याकडे कोरा कागद आहे?"

मुलांच्या परीक्षेचे कागद पिशवीत होते. त्यांनी मला एक कोरा कागद काढायला लावला, चित्राच्या कापलेल्या कडेला लावून धरायला सांगितलं, वीतभर बाहेर ठेवून. मग ते पुन्हा नळीतून बघावं तसं बघायला लागले. मेंढरांवरून नजर निघाली, माळावरून सरकत त्या कोऱ्या कागदावर आली आणि तिथंच राहिली.

"ऊन आहे ते," ते हळूच म्हणाले. "सगळं ऊन उजवीकडे आहे. म्हणून तर ती डोकी घालून उभी आहेत. झाड ठेवायची हिंमत कुणालाही असते रे. मी नाही ठेवलं." त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं. "झालं. मिळालं मला उत्तर."

"मास्तर, त्यांनी ते कापून फेकलं. माझ्यासाठी दिलेलं तुम्ही, आणि त्यांनी..."

"चांगलं होतं म्हणूनच दिलं. वाईट दिलं असतं तर तुझं काम झालं असतं का?"

"तुम्हाला राग येत नाही?"

"नंतर येईल. आता मला बघू दे. कागद हलवू नकोस."

मी दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं आणि त्यांचं बघून होईपर्यंत तसाच उभा राहिलो.